तरीही उघडा

फोनने आईला ओळखायला नकार दिला तेव्हा तिला दवाखान्यातून घरी येऊन तासभरही झाला नव्हता. मी तिला पलंगावर बसवलं, पाठीशी उशी दिली, आणि तिने मागायच्या आत फोन तिच्या उजव्या हातात ठेवला. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या हाताची बोटं आखडून गेली होती. तिने कसाबसा फोन धरला, अंगठा फिरवला. पडद्याच्या कडा लाल झाल्या.

"ओळख पटली नाही," फोन म्हणाला.

"आरं, मीच हाय की!" आई त्याच्यावर खेकसली. पुन्हा अंगठा, पुन्हा लाल. मग डाव्या हाताने करून बघितलं. डावा तर त्याच्या गावीही नव्हता.

"राहू दे आता, दमली आहेस," मी म्हटलं.

"दमली न्हाई. मला ह्यांचं ऐकायचंय." एवढं बोलून आई रडायला लागली. माझे वडील, अण्णा, गेले तेव्हा बाहेरच्यांच्या देखत ती रडली नव्हती. त्या दिवशी मात्र फिजिओथेरपीवाली पोरगी दारात उभी होती, माझा नवरा औषधं लावत होता, आणि ही बाई फोन छातीशी धरून हमसून हमसून रडत होती.

हातकुलूप म्हणजे काय हे मी बार्शीतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना शिकवलंय. मी हायस्कुलात संगणक शिकवते, आणि रविवारी सकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये वयस्कर मंडळींचा फोनचा वर्ग घेते. पूर्वी फोनला आकडे होते, मग बोटाचा ठसा आला, मग चेहरा. पुढे यंत्रं कुणाचाही चेहरा आणि आवाज हुबेहूब बनवायला लागली, तेव्हा फोनवाल्यांनी ते सगळं गुंडाळलं आणि हातकुलूप आणलं. तुम्ही फोन किती घट्ट धरता, अंगठा कुठे रेंगाळतो, मनगट किती थरथरतं, चालताना हाताला झोका कसा बसतो, हे ते कुलूप दिवसेंदिवस शिकत जातं. आणि किल्ली कुठेच साठवलेली नसते. दर वेळी ती तुमच्या हातातून नव्याने तयार होते, काम झालं की विरून जाते. भाकरीचं माप कसं, कुठे लिहिलेलं नसतं, थापणारीच्या हातात असतं, तसं. चोराने फोन नेला काय आणि कंपनीचं मशीन फोडलं काय, किल्ली तिथे नसतेच, मिळणार कुठून?

"म्हणजे बघा, तुमचा हात हीच किल्ली!" असं मी वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगायचे, आणि बाया आपापल्या हातांकडे कौतुकाने बघायच्या. वयाने हात हळूहळू बदलला तर कुलूप त्याच्याबरोबर बदलतं. एका सकाळीत बदलला तर काय, हे मला कुणी विचारलं नाही, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

आईच्या फोनमध्ये अण्णा होते. दुसरं काही म्हणजे काही नव्हतं.

अण्णा ट्रक ड्रायव्हर. शेवटची काही वर्षं ट्रक आपले आपणच चालायला लागले होते, पण कायद्याने केबिनमध्ये एक माणूस बसायला लागायचा. तो माणूस म्हणजे अण्णा. स्टेअरिंग आपोआप फिरायचं आणि हे हाताची घडी घालून बघत बसायचे. जन्मभर गाडी हाकलेल्या माणसाला ती शिक्षाच होती. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. दिवसभर आईला आवाजी मेसेज. "मालन, आता नळदुर्ग गेलं बघ. कांद्याची गाडी आडवी झालीय, लोक पोती भरून न्यायलेत. मी खाली उतरलो असतो, पण ही मेली गाडी मला सोडून जायची." कुठला ढाबा, कसलं कालवण, टोलनाक्यावरच्या कुत्रीला झालेली पिल्लं. आणि दर मेसेजच्या शेवटी तेच, "जेवलीस का? बरं, ठेवतो."

आई एकही पुसायची नाही. अण्णा गेल्यावर रोज दुपारी भांडी झाली की ती फोन घेऊन मागच्या ओट्यावर बसायची आणि जुने मेसेज ऐकायची. कधी हसायची, कधी "खोटं बोलताय," असं फोनला म्हणायची. मला ते बरं वाटायचं नाही, पण मी कधी बोलले नाही.

मला अण्णा नुसता फोन करायचे, मेसेज नाही. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत ते एकदाच बोललेत, दारात उभे राहून, "या, या, बसा." तेवढाच त्यांचा आवाज माझ्याकडे आहे.

मी आणि निनाद, माझा नवरा, फोन घेऊन पुण्याला कंपनीच्या केंद्रात गेलो. तिथल्या बाई सज्जन होत्या. त्यांनी सरळच सांगितलं, "आम्हालाही उघडता येणार नाही. मेसेजची प्रत आमच्याकडे आहे, पण तीही त्याच किल्लीने बंद. आमच्या दृष्टीने ती नुसती गिचमीड आहे."

"मग आता?"

"हात बरा करा. पूर्वीसारखा अगदी नको, जवळपास आला तरी कुलूप समजून घेतं. जुनी ओळख ते टाकून देत नाही. कडा पिवळ्या व्हायला लागल्या की समजा, वाट बरोबर आहे."

"दुसरा काही मार्ग?" निनादने विचारलं.

"नवी ओळख करता येते. जुना फोन विकताना करतात ना, तसं. पण मग आतलं सगळं गेलं. आम्ही माणसाला तीन वेळा विचारल्याशिवाय ते करत नाही. आणि बाहेर हातकुलूप उघडून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या नादी लागू नका."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती पोरगी उद्या किती वाजता यायचीय?"

काय सांगू, त्या बाईने हाताच्या व्यायामाचा नुसता सपाटा लावला! रबरी चेंडू दाब, कणीक मळ, सुतळीच्या गाठी सोड, डाळीतले शेंगदाणे चिमटीने वेच. फिजिओची पोरगी म्हणायची, "मावशी, जरा थांबा की," तर ही तिलाच दटावायची. औषध चुकवायची, पण चेंडू चुकवायची नाही. रोज दुपारी भांडी झाल्यावर, म्हणजे आता मी किंवा निनादने घासल्यावर, ती ओट्यावर बसून एकदा फोन हातात घ्यायची. लाल. "बरं, ऱ्हाऊ दे. उद्या," म्हणायची आणि फोन पदराने पुसून ठेवून द्यायची. एरवी बोलायला मी तिला माझा जुना फोन सगळ्यांचे नंबर घालून दिला होता.

निनादचं सांगायला हवं. त्याला आई नव्हती, लहानपणीच गेलेली. त्यामुळे माझ्या आईला त्याने मनापासून आई मानलं होतं. ती मात्र त्याला जावईच मानायची. "निनादराव, तुम्ही बसा." "निनादराव, तुम्ही कशाला उचलताय?" तो आला की पदर सारखा करून उभी राहायची. त्याच्या चहात साखर जास्त पडली तर तो गोड मानून प्यायचा, आणि त्याने भाजीला नाव ठेवलं तर ती भाजी आमच्या घरात पुन्हा व्हायची नाही. जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. मी चिडवायचे, "तुझा जावई म्हणाला विहिरीत उडी मार, तर मारशील." ती म्हणायची, "ते कशाला तसं म्हणतील?"

पाऊस सरता सरता एका दुपारी कडा पिवळ्या झाल्या. क्षणभरच, पण झाल्या. आईने अशी हाक मारली की मी पोळी तव्यावर टाकून धावले. "पिवळं! तेजे, पिवळं झालं!" माझं नाव तेजश्री, पण मन भरून आलं की ती मला तेजे म्हणते.

पुढच्या आठवड्यात अण्णांचं वर्षश्राद्ध होतं. आई जेवताना सहज बोलून गेली, "त्या दिवशी ह्यांचा आवाज ऐकला असता तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "घाई करू नकोस, महिन्याभरात उघडेल." निनाद काही बोलला नाही. तो खाली मान घालून भात कालवत बसला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. हा माणूस गप्प बसला की काहीतरी उद्योग करतो.

रविवार. मी वर्गात होते. आणि विषय कुठला, तर छोट्या लिंका! कपाळ माझं. मी फळ्याजवळ उभी राहून सांगत होते, "छोटी लिंक म्हणजे बंद पाकीट. वरून सगळी सारखीच दिसतात. आत बँक आहे का चोर आहे, कळत नाही. म्हणून पाकीट आधी उजेडात धरायचं. लिंकवर बोट टेकवून दाबून धरा. पूर्ण पत्ता दिसेल, आणि अनोळखी असेल तर फोन लाल पट्टी दाखवून विचारेल, परत जा की तरीही उघडा. तेव्हा काय करायचं?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "परत जायचं!" पहिल्या बाकावरच्या देशमुखकाकूंनी तर टाळ्या वाजवल्या. आईनेही हे सगळं माझ्याकडूनच शिकून घेतलं होतं, झटका यायच्या आधी, त्याच हॉलमध्ये, त्याच पहिल्या बाकावर.

घरी आले तर दारातच पेढ्यांचा पुडा. निनाद लहान पोरासारखा हसत होता. आई पलंगावर ताठ बसली होती, आणि तिच्या हातात फोन. कडा हिरव्या.

"उघडला!" निनाद म्हणाला. "तीन दिवस शोधत होतो, तेजू. एक साधन सापडलं. लिंक तू आईंना दिलेल्या जुन्या फोनवर पाठवली, आईंनी ती उघडली, दोन फोन पाठीला पाठ लावून ठेवले, मग आईंनी हा फोन हातात धरला, झालं! नव्वद टक्के, पंचाण्णव टक्के, उघडला!"

मी चपला न काढताच आत गेले. "मेसेज वाजवून बघितलेस?"

"तू आल्यावर वाजवू म्हणाल्या आई. तिघांनी मिळून ऐकू."

मी फोन घेतला. अण्णांच्या नावावर बोट ठेवलं. नाव होतं, ते सिमवरून आलेलं. आत काहीच नव्हतं. वर सरकवलं, खाली सरकवलं, सगळं कोरं होतं. नवीन फोन विकत घेतल्यावर असतो तसा तो फोन स्वच्छ होता.

"येत असतील हळूहळू," निनाद म्हणाला. त्याचा आवाज आधीच उतरला होता.

पुण्याच्या बाईंना फोन लावला. त्यांनी त्यांच्या यंत्रावर तपासून बघितलं. मग म्हणाल्या, "कुलूप उघडलं नाही हो. त्या साधनाने नवी ओळख करून घेतली. आमचे तीन प्रश्न त्याने टक्क्यांच्या चित्रामागे झाकले असणार. तुमच्या आईंनी फोन हातात धरला, फोनने तोच होकार मानला. जुनी ओळख फोनमधून गेली आणि आमच्याकडूनही. आता उद्या त्यांचा हात अगदी पहिल्यासारखा झाला, तरी ती किल्ली लागायला कुलूपच उरलेलं नाही."

त्या चोरांना अण्णांच्या आवाजाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवा होता तो दुसरा, लिंक उघडलेला फोन. दिवेलागणीपर्यंत आईच्या नावाने, आईच्या बोलण्याच्या लकबीत, तीच छोटी लिंक सगळ्या नातेवाइकांना आणि भिशीच्या बायकांना गेली. मी एकेकाला फोन करून सांगत बसले, उघडू नका, उघडू नका. माझ्या वर्गातल्या दोघींनी उघडली होती. "तुमच्या आईनं पाठवली म्हणून उघडली," देशमुखकाकू म्हणाल्या.

त्या दिवशी मी निनादला काय नाही बोलले! शिकलासवरलेला, बायको गावाला हेच शिकवते, पुण्याच्या बाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलं, महिन्याभराचा प्रश्न होता, तेवढाही दम निघाला नाही तुला? माझा बाप दोनदा मारलास तू. हो, असंसुद्धा म्हटलं. तो भिंतीला टेकून उभा होता. आई आतून म्हणाली, "तेजश्री, पुरे." तिने मला पूर्ण नावाने हाक मारली.

वर्षश्राद्ध झालं. पान वाढलं, भटजी आले, गेले. निनाद सगळं करत होता, पण आईसमोर मान वर करत नव्हता. दोन दिवसांनी तो चाचरत म्हणाला, "आई, लग्नाच्या व्हिडिओतला अण्णांचा आवाज आहे ना, तेवढ्यावरून यंत्र त्यांचा पूर्ण आवाज बनवून देतं. हवं ते बोलून घेता येईल."

"नको, निनादराव," आई म्हणाली. "त्यांना न सुचलेलं त्यांच्या तोंडात कशाला घालायचं?"

चेंडू मात्र तिने पुन्हा हातात घेतला नाही. फिजिओची पोरगी यायची, आई तिला चहा द्यायची, गप्पा मारायची आणि परत पाठवायची. मी ओरडले, विनवलं. "आगं, भाकरी तू थापतीस, भांडी ते घासतात," ती म्हणाली. "हात बरा करून करू काय?" बोटं पुन्हा आखडत गेली. दुपारी ओट्यावर ती नुसतीच बसायची. एकदा मला म्हणाली, "ती कुत्री तुळजापूरच्या नाक्यावर व्याली होती, का नळदुर्गच्या?" मला माहीत नव्हतं. ते फक्त त्या दोघांना माहीत होतं. थोड्या वेळाने तिने स्वतःशीच मान हलवली. "विसरायला लागले बघ मी."

आमच्या घरातलं बोलणंही आटलं. निनाद आणि मी एका ताटात जेवणारी माणसं, आता "दूध संपलंय" आणि "गॅस बुक केला" एवढंच बोलायचो. त्याने सोलापूरला बदली मागितली होती, मला तिसऱ्याकडून कळलं. मी अडवलं नाही, आणि तो तिकडे राहायला गेला. माझ्या मनात राग एवढा होता की त्याची बॅग मीच भरून दिली असती.

मग धोंड्याचा महिना लागला. अधिक मासात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. आई म्हणाली, "निनादरावांना रविवारी यायला सांग."

"कशाला? आरती ओवाळायला?"

"जावई हायेत ते माझे."

रविवारी वर्गाला सुट्टी दिली आणि पुरण वाटायला बसले. आई समोर पाटावर, डाव्या हाताने कणकेचे गोळे करत होती. उजवा हात मांडीवर पडला होता. गोळे वेडेवाकडे होत होते. ते बघून माझा तोल गेला.

"त्याचं राहू दे, तो येडा आहे. पण तू! तुला मी शिकवलं होतं ना? पहिल्या बाकावर बसून सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचीस. एकदा तरी लिंक दाबून धरायचीस, आई! एकदा!"

"धरली होती," आई म्हणाली.

मी वाटायची थांबले.

"तू शिकवलं तसंच केलं. दाबून धरलं. लांबलचक पत्ता आला, कंपनीचं नाव त्यात कुठंच न्हवतं. लाल पट्टी आली. परत जा, तरीही उघडा." ती गोळा करत राहिली. "मला कळलं होतं गं. सगळं जाईल एवढं न्हवतं कळलं, पण हे खोटं हाय, एवढं कळलं होतं."

"मग?"

"ते समोर बसले होते. तीन दिवस झोप न्हाई, डोळे लाल. माझ्या तोंडाकडं बघत होते, आईसाठी काहीतरी आणलंय म्हणून. आजवर त्या पोरानं माझ्याकडं काही मागितलं न्हाई. त्यांच्या तोंडावर कसं म्हणू, निनादराव, तुम्ही आणलेलं खोटं हाय? वाटलं, जास्तीत जास्त काय, उघडायचं न्हाई. दाबलं."

"एक शब्द बोलली असतीस तर अण्णा..."

"व्हय. तेच रोज दुपारी ओट्यावर बसून म्हणत असते मी." आता तिचे डोळे भरून आले. "पण त्यांना सांगू नको, तेजे. त्यांच्या हातून चुकलं, एवढंच ठीक हाय. मला दिसत होतं आणि त्यांच्यासाठी मी दाबलं, हे कळलं तर ते पोरगं ह्या घराचा उंबरा पुन्हा चढायचं न्हाई."

निनाद आला तो पार खंगलेला. आईने पदर सारखा केला आणि उभी राहिली, एका हाताने पाट मांडला. मी पान वाढलं. धोंडे, तूप, वर वाणाचे बत्तासे. त्याने एक घास घेतला आणि ताटातच बघत राहिला.

"आई," तो म्हणाला, "एक गोष्ट मनातून जात नाही. मी त्या दिवशी तुम्हाला नुसतं म्हणालो असतो, लिंक दाबून पत्ता बघा, तर तुम्हाला कळलं असतं. तेजूने शिकवलं होतं तुम्हाला. मी तेवढंसुद्धा म्हणालो नाही."

आईने उजवा हात पदराखाली घेतला. "मला कुठलं कळतंय त्यातलं, निनादराव? आडाणी बाई मी," असं म्हणून ती माझ्याकडे बघायला लागली.

सगळ्या बार्शीत कुणाची जीभ लांब असेल तर माझी. त्या दिवशी ह्या माणसाला मी जे जे बोलले ते सगळं माझ्या तोंडात पुन्हा आलं, आणि ते आता त्याच्या एकट्याचं राहिलं नव्हतं. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी माझ्यासमोर अडाणी होऊन बसली होती.

"नाही रे," मी म्हटलं. "तिला ते कधी जमलंच नाही. मी किती शिकवलं, तिच्या डोक्यातच शिरायचं नाही."

निनादने हळूच डोळे पुसले. किती दिवसांनी तो माझ्याकडे सरळ बघत होता.

"वाढ की गं त्यांना," आई म्हणाली. "जेवले कुठं अजून?"

मी उठले आणि आईने वळलेला एक वेडावाकडा धोंडा त्याच्या पानात वाढला.